खिळे पुरले

सेप्टिक टँकची जागा मी निवडली. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की त्यांना तिथं "आतून काहीतरी जाणवत होतं". ह्यांना आतून फक्त भूक जाणवते. जागा मी निवडली, आणि तीही हौसेनं नाही, नाइलाजानं.

झालं असं की बाबा, म्हणजे माझे सासरे, पिकलं पान गळावं तसे झोपेतच गेले. त्यांना जाऊन पंधरवडा होतो न होतो तोच आईंना, म्हणजे सासूबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो बाथरूमचा. आमचं घर शेतावरचं, वस्तीपासून लांब. बाथरूम अंगणाच्या पार पलीकडे, मध्ये चार पायऱ्या. आईंच्या खोलीला लागून नवं बाथरूम हवं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ह्यांनाही कळलं. ते म्हणाले, "बघू."

ह्यांचं 'बघू' म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा. आमच्या लग्नातला फोटो भिंतीवर लावायचा म्हणून हे 'बघू' म्हणालेत, आणि मी अजून बघतेच आहे.

तात्पुरतं म्हणून आईंच्या खोलीत खुर्ची-कमोड आणला आणि भिंतीला धरायला लाकडी कठडा लावून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी सुतार आला. आता हा सुतार आला तो दिवस नीट सांगायला हवा, कारण आमचा सगळा घोळ तिथंच झाला.

डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं, "आजींना सगळं कळतंय. आत दुकान गच्च भरलेलं आहे, पण शटर अडकलंय. कधी अर्धवट उघडेल, तेव्हा हाताला लागेल तो माल बाहेर येईल. तुम्ही बोलत राहा." आम्ही बोलत राहिलो. आई नुसत्या बघायच्या. माणूस असा बघायला लागला की आपणच गुन्हेगार असल्यासारखं वाटतं. त्या दिवशी सुतार भिंतीशी ठोकाठोक करत होता, मी आईंना सूप भरवत होते, आणि हे दारात उभे राहून सुताराला सुतारकाम शिकवत होते. एकाएकी आईंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ हलले, मान ताठ झाली, आणि अगदी स्वच्छ, खणखणीत शब्द आले, "खिळे पुरले."

माझ्या हातातला चमचा पडला.

सुतार मागे वळून हसला. "पुरले आजी, पुरले! पुरून उरले!" त्यानं उरलेल्या खिळ्यांची पुडी वर करून दाखवली. ह्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आई, अगं पुरले! भरपूर आहेत खिळे. तू काळजी नको करूस."

आई पुन्हा म्हणाल्या, "खिळे पुरले." ह्या वेळी जरा जोरात.

"हो, हो, पुरले!" आम्ही तिघं एका सुरात म्हणालो. आनंदानं नाचायचं तेवढं बाकी होतं. झटक्यानंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही प्रसंगाला धरून! जन्मभर संसार केलेली बाई, बोलायला लागली तर सामानाचंच विचारणार. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, तेही खूश झाले.

त्यानंतर आईंच्या दुकानातून दुसरा माल काही बाहेर आला नाही. सकाळी उठल्यावर 'खिळे पुरले', तोंडात घास घातला की 'खिळे पुरले', रात्री दिवा मालवताना 'खिळे पुरले'. आम्ही न चुकता 'पुरले आई' म्हणायचो. आम्ही 'पुरले' म्हटलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड फिरवायच्या. मला वाटायचं, समाधान झालं. धन्य माझी समज.

आता घरातली दुखरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल.

बाबांचा छापखाना होता. शेतातच, शेडमध्ये. फळांच्या पेट्यांवरची लेबलं, लग्नाच्या पत्रिका, दुकानांची हँडबिलं, असली कामं. पायानं चालवायचं जुनं मशीन आणि लाकडी खणाखणांत मांडलेली शिशाची अक्षरं. बाबा ती एकेक उचलून उलटी जुळवायचे आणि जुळवता जुळवता पुढची दोन-चार ओठांत धरून ठेवायचे. त्यामुळे कामात असताना बाबा काय बोलतात ते कोणाला कळायचं नाही. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं होतं, सासरे बोबडे आहेत.

पुढे कॉम्प्युटर आले आणि छापखान्याचं काम रोडावलं. धाकटा दीर म्हणायचा, "बाबा, बंद करा आता हे. विकून टाका." बाबा म्हणायचे, "मी मेल्यावर." त्याच सुमाराला बाबांचं पोट दुखायला लागलं. जेवण जाईना, हात कापायला लागले, चिडचिड वाढली. ते म्हणायचे गॅस आहे. एकदा इतकं दुखलं की दवाखान्यात ठेवावं लागलं. मी आणि हे त्यांच्याजवळ राहिलो, घरी राहिले आई आणि धाकटा. बाबांना घेऊन परत आलो, बाबा चहाही न घेता शेडकडे गेले, आणि सगळे खण रिकामे. एक अक्षर शिल्लक नाही. शिसं वजनावर विकलं जातं हे कोणाला ठाऊक नव्हतं?

बाबा रडले. मोठा माणूस रडताना बघवत नाही. मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "विकलीस?"

धाकटा गप्प.

ह्यांनी त्याची कॉलर धरली. "बोल की! विकलीस की नाही?"

तो तरी गप्पच. मौन म्हणजे संमती, असं आपल्याकडे धरलं जातं. आईंना कोणी काही विचारलंच नाही. आईंना खोटं बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांचा ह्यात काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. त्याच आठवड्यात धाकट्यानं बॅग भरली. शहरात मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं. बाबा असेपर्यंत तो ह्या घराची पायरी चढला नाही, आणि दोघा भावांत शब्द म्हणून उरला नाही. बाबा गेले तेव्हा आला, मागे उभा राहिला, कोणाला कळायच्या आत गेला.

आईंना झटका आल्यावर मात्र तो दवाखान्यात यायचा. हे नसतील अशा वेळी. एकदा जिन्यात मला भेटला. "वहिनी, आई काही बोलली का?"

"नाही हो भावोजी. एक अक्षर नाही."

"बोलली तर मला कळवाल? काय म्हणाली ते तस्संच सांगा."

म्हणून सुताराच्या दिवशी मी ह्यांच्या नकळत त्याला फोन केला. मला इतका आनंद झाला होता की श्वास पुरत नव्हता. "भावोजी, आई बोलल्या! 'खिळे पुरले' म्हणाल्या!"

पलीकडे घरघरणारी मोटार त्यानं बंद केली. मग म्हणाला, "दादानं ऐकलं?"

"ऐकलं म्हणजे! समोरच उभे होते. रडायलाच लागले. म्हणाले, हो आई, पुरले."

"एवढंच म्हणाला?"

"मग आणखी काय म्हणणार?"

"माझ्याबद्दल काही?"

"तुमच्याबद्दल…" मी अडखळले. खोटं तरी काय बोलू? "नाही, तुमचा विषय नाही निघाला."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर माझा फोन तो उचलेना. मी आईंना तपासणीला दवाखान्यात घेऊन जायचे, तिथंही तो फिरकला नाही. मला रागच आला. म्हटलं, आई अंथरुणाला खिळलेली, आणि ह्याला कसला एवढा ताठा?

आई उतरत चालल्या होत्या. हे लपवण्यात अर्थ नाही. अन्न कमी झालं, गाल आत गेले, दिवसभर फाटकाकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. गाडीचा आवाज आला की मान वळायची, गाडी पुढे गेली की खाली पडायची. कोणाची वाट बघताहेत ते मला कळत होतं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, बोलवा की त्यांना. आईंचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर खाल स्वतःला."

"आधी त्यानं कबूल करावं. बाबांपुढे नाही केलं, निदान माझ्यापुढे करू दे. मग खुशाल ये म्हणावं."

"आणि तोवर आई थांबतील?"

हे चपला घालून शेताकडे निघून गेले. तो प्रश्न त्यांनाही रात्री झोपू देत नव्हता, हे मला माहीत होतं. पण आमच्या घरातल्या पुरुषांचा हट्ट म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मग बाथरूमचं काम मी अंगावर घेतलं. ह्यांच्या 'बघू'ला मूठमाती दिली आणि नळकामवाल्या काकांना बोलावलं. ते म्हणाले टाकीला उतार हवा, विहीर लांब हवी, आणि मशीन आत यायला वाट हवी. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या, शेडच्या मागे. मी चुन्यानं चौकोन आखून दिला. झाली की नाही जागा माझी?

ठरल्या दिवशी सकाळी छोटं खोदाई मशीन धडधडत आलं. आईंच्या खोलीची दुसरी खिडकी नेमकी त्या बाजूला. मशीननं पहिला घास घेतला आणि आतून आईंचा आवाज आला, "खिळे पुरले!"

"पुरले, आई!" हे बाहेरूनच ओरडले.

"खिळे पुरले! खिळे पुरले!"

मी आत गेले. आई पलंगावर अर्धवट उठून बसल्या होत्या. डोळे मोठे, केस सुटलेले, डावा हात खिडकीकडे. मला वाटलं आवाजानं घाबरल्या. मी खिडकी लावून घेतली, तर त्यांनी हाताशी असलेली स्टीलची वाटी उचलून पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बडवायला सुरुवात केली. हे धावत आले. "अगं आई, तो सुतार नाही. ते मशीन आहे. खिळ्यांचं काम नाही तिथं."

आईंनी वाटी टाकली, चमचा उचलला आणि ह्यांच्या डोक्यात हाणला. जे मी इतक्या वर्षांत मनात कितीदा आणलं, पण प्रत्यक्षात कधी केलं नाही, ते त्यांनी केलं.

तेवढ्यात बाहेर मशीन बंद पडलं. नळकामवाले काका हाका मारत होते. "साहेब, लवकर या! खाली काहीतरी आहे!"

आम्ही दोघं धावलो. खड्डा कमरेइतका झाला होता. काका काठावर उभे राहून आत वाकून बघत होते, आणि मशीनवाला सीटवरून उतरून पार लांब जाऊन उभा राहिला होता. "टणकन वाजलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "पत्रा आहे. बघा हं, गुप्तधनबिन असलं तर मला आधीच सांगा, मी काही पाहिलं नाही म्हणेन."

"गुप्तधन कसलं, माझ्या आजोबांनी उधारी सोडून काही मागे ठेवलं नाही," हे म्हणाले. पण चप्पल काढून खड्ड्यात उतरले ते मात्र घाईघाईनं.

माती हातानं बाजूला केली. रंगाचे मोठे डबे होते. एक, दोन, मग शेजारी आणखी, नीट ओळीनं मांडलेले. प्रत्येक डब्यावर मेणकापड घट्ट ओढून सुतळीनं बांधलेलं. मशीनचा दात एका डब्याला लागला होता, त्याचा पत्रा फाटला होता. ह्यांनी त्या फटीत बोट घातलं आणि एक काळपट तुकडा बाहेर काढला. पँटला पुसला. उजेडाकडे धरला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"ळ," ते म्हणाले.

"काय?"

"हा ळ आहे. बाबांचा. हा बघ, पोटाशी टवका उडालेला. पत्रिकेत 'मंगळवार' छापलं की बाबा ह्याच्या नावानं ओरडायचे."

डब्यात अक्षरंच होती. गच्च भरलेली. क, त, काना, वेलांट्या, सगळी. त्यांना कुठं काही झालं नव्हतं.

ह्यांचा चेहरा पुन्हा आवळला. "म्हणजे इथं लपवली होती लबाडानं. आज ना उद्या येऊन न्यायची आणि विकायची, असा बेत. बाबांच्या नाकाखाली!"

मला पटेना. एवढी वर्षं कोण थांबतं? चोर चोरलेल्या मालाला मेणकापड गुंडाळून गादीवर निजवल्यासारखं निजवतो का? मीही खड्ड्यात उतरले, त्या डब्यापाशी बसले आणि सुतळी सोडायला गेले. सुटेना. नखं लावली, दात लावायचा तेवढा बाकी राहिला. आणि मग मला हसू फुटलं. ते कसलं हसू होतं ते मला अजून सांगता येत नाही.

"अहो," मी म्हटलं, "ही गाठ सोडून दाखवा."

त्यांनी गाठ बघितली. तीन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. आमच्या घरात ही गाठ एकच व्यक्ती मारते. कसलाही डबा असो, गाठोडं असो, नाहीतर माझ्या मुलीच्या बुटाची नाडी असो, आईंनी बांधलं की ते सोडवायचं नसतं, कापायचं असतं. ह्यांच्या लहानपणी शाळेच्या डब्याचं फडकं सोडवता आलं नाही म्हणून हे उपाशी परत आले होते, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे.

हे मातीच्या ढिगावर मटकन बसले. आतून आवाज येतच होता, दमलेला, घोगरा झालेला. "खिळे… पुरले."

"खिळे," हे पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, आई ह्यांना खिळे म्हणायची."

"कशाला?"

"ह्या अक्षरांना, टाइपाला! तिचे वडील शहरातल्या छापखान्यात कामाला होते. तिच्या माहेरी सगळे खिळेच म्हणायचे, 'खिळे जुळवणं'. इथं आल्यावर बाबा चिडायचे. 'खिळे सुतार ठोकतो, मी अक्षरं जुळवतो!' तिनं तो शब्द सोडून दिला. मी अगदी लहान होतो तेव्हा." त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ती सांगत होती. पहिल्या दिवसापासून सांगत होती. खिळे पुरले! जमिनीत पुरले! आणि मी गाढव म्हणत होतो, भरपूर आहेत."

नळकामवाल्या काकांना ह्यातलं काही कळलं नाही, पण ते शहाणे. म्हणाले, "मी जरा चहा पिऊन येतो."

हे तसेच मातीच्या पायांनी खिडकीशी गेले, मी बंद केलेली ती खिडकी बाहेरून उघडली. आई बघत होत्या. ह्यांनी तो ळ त्यांच्या समोर धरला.

"आई, हे तू पुरलंस?"

आईंची मान हलली. पुन्हा हलली. त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो शब्द नव्हता, पण तसा सुटकेचा आवाज मी जन्मात ऐकला नाही.

"धाकट्याला ठाऊक होतं?"

हो.

"त्यानंच खड्डा खणला?"

हो.

"का गं पण? का?"

आईंनी डावा हात पुढे केला, ह्यांच्या बोटांतून तो ळ घेतला आणि स्वतःच्या ओठांत धरला. अगदी बाबांसारखा, कोपऱ्यात. मग तोच हात पोटावर ठेवून चेहरा वेडावाकडा केला, आणि ळ काढून खिडकीबाहेर फेकून दिला, घाण वाटल्यासारखा.

शिसं. आम्हाला एकदम सगळं दिसलं. बाबांच्या पोटातली कळ, कापणारे हात. छापखाना बंद झाला आणि पुढच्या काही महिन्यांत बाबा खणखणीत बरे झाले. त्याचं श्रेय मी आजवर माझ्या बिनतिखट स्वयंपाकाला देत आले होते. दोन-चार नातेवाइकांना त्यावर सल्लेही दिले होते.

"फोन दे," हे म्हणाले.

माझा फोन धाकटा उचलत नव्हता, ह्यांचा उचलण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी काकांचा फोन घेतला, त्यांच्या चहाच्या मध्येच. मी कान लावून शेजारी उभी राहिले. पलीकडून आवाज आला, "बोला, कोणता पंप आहे?"

ह्यांना बाकी काही सुचेना तेव्हा म्हणाले, "मी बोलतोय. टाकी खणली."

आणि घाईघाईनं पुढे जोडलं,

"शेडमागे. खिळे सापडले."

"आता सापडले?" धाकट्याचा आवाज चिरका झाला. "मग मागे आईनं सांगितलं तेव्हा? वहिनी म्हणाल्या, तू ऐकलंस. हो, पुरले म्हणालास. मला वाटलं तुला सगळं कळलं, आणि कळूनही तुला मी नको आहे."

"अरे, ते सुताराचे!"

"काय सुताराचे?"

"खिळे! सुताराचे खिळे पुरले म्हणालो मी! कठड्याचे!"

पलीकडे त्याच्या हातातला पाना खणकन खाली पडला. मग तो हसायला लागला. हसता हसता कधी रडायला लागला ते कळलं नाही. इकडे ह्यांचंही तेच चाललं होतं. मी फोन काढून घेतला आणि म्हटलं, "भावोजी, मी शहाणी म्हणून मी फोन केला होता, आणि माती मीच खाल्ली. आता दुकानाला कुलूप लावा आणि निघा. आई वाट बघताहेत."

तो दिवस मावळायच्या आत आला. मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा आईंनी मान वळवली आणि ह्या वेळी ती खाली पडली नाही. तो सरळ आत गेला, पलंगाशी बसला, आणि त्यांच्या कुशीत डोकं घातलं. आई डाव्या हातानं त्याचे केस ओढत होत्या, लाडानं की रागानं ते त्या दोघांनाच ठाऊक. त्या संध्याकाळी त्यांनी त्याच्या हातून वाटीभर सूप आणि वर मऊ भात खाल्ला. माझ्या हातून तीन घास घेताना कंटाळायच्या. मी वाईट वाटून घेतलं नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की कोणी टोमणा मारला असता तरी तो मला लागला नसता.

मग आम्ही तिघं पायरीवर बसलो. समोर खड्डा तसाच उघडा. टाकी थोडी अलीकडे सरकवायची असं काकांशी ठरलं होतं.

"एवढी वर्षं," हे म्हणाले, "एक शब्द बोलला नाहीस. मी कॉलर धरली तेव्हा तरी."

"आईनं शब्द घेतला होता. बाबांना दवाखान्यात ठेवलं त्याच्या आधीच डॉक्टरांनी तिला आणि बाबांना बसवून सांगितलं होतं, शिसं भिनलंय, हे काम सुटलं नाही तर वर्षा-दोन वर्षांत आटपेल. बाबा तिथून बाहेर आले आणि तिला म्हणाले, घरी गॅस सांगायचं. ते ऐकणारे होते का? विकलं असतं तर त्यांनी दुसरं आणलं असतं. पुरलंय असं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन निघाले असते. चोरी झाली, घरातच झाली, म्हणून मन उडालं त्यांचं. आई म्हणाली, खिळे पुरले हे ते आहेत तोवर बोलू नकोस, नंतर मी स्वतः सगळ्यांना सांगेन." त्यानं खड्ड्याकडे बघितलं. "आणि सांगायची वेळ आली तेव्हा तिचीच वाचा गेली. मी आपणहून सांगितलं असतं, तर तू विश्वास ठेवला असतास?"

"नसता," हे म्हणाले. खरं बोलले.

धाकट्यानं जमिनीकडे बघत हात चोळले. त्याच्या नखांत ग्रीस होतं. "दादा, मला एक विचारायचं होतं. इतक्या वर्षांत कोणाला विचारता आलं नाही."

"विचार."

"नंतर बाबांचं पोट दुखायचं का?"

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं. त्याला ठाऊकच नव्हतं. खड्डा खणून, चोर ठरून, घर सोडून गेलेल्या माणसाला ते सगळं कामी आलं की नाही, एवढंही आम्ही कोणी कळवलं नव्हतं.

"नाही रे," हे म्हणाले. "एकदाही नाही. दोन वेळा चापून जेवायचे. माझ्या ताटातलं उचलून खायचे. नातीला सायकल शिकवली, तिच्यामागे पळायचे. हात असा स्थिर, की सुईत दोरा ओवून द्यायचे आईला. शेवटच्या रात्रीसुद्धा जेवून, मला चार शिव्या देऊन झोपले."

धाकट्यानं दीर्घ श्वास सोडला. खांदे खाली आले, पाठ भिंतीला टेकली.

"मग बरं झालं," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "वहिनी, मला वाढा. भूक लागलीय."